चोवीस कडव्यांची मुंगी

कुंभार पिंपळगाव,
पौष शुद्ध त्रयोदशी, फसली १३५५

प्रिय फकरोद्दीन,

संक्रांत परवाच झाली, तेव्हा रीतीप्रमाणे गोड बोलायला हवं. हे पत्र घेऊन येणाऱ्या मच्छिंद्रच्या हाती पुडीत तिळगूळ दिला आहे, तेवढंच काय ते गोड. पत्रात गोड काही सापडणार नाही. बारा वर्षांनी लिहितो आहे आणि सुरुवात शिव्यांनीच करणार आहे, कारण त्या सांभाळून सांभाळून माझं आतडं कडू झालं आहे. तू मराठी वाचायला विसरला नसशील असं धरून चालतो. तुझ्या घरात उर्दू आणि माझ्या घरात मराठी, पण लिंबाखालच्या त्या शाळेत पंतोजींची छडी दोघांना एकाच भाषेत समजायची. कविता पाठ म्हणताना मी डोळे मिटून डुलायचो आणि तू माझ्या शेंडीला पिंपळाचं पान बांधायचास. तो डुलणारा पोरगा आता साठीचा झाला आहे आणि अजून डुलतो. अशा माणसाची कीव करावी की त्याला हसावं, हे पत्र संपल्यावर तूच ठरव.

आधी बातमी. तुझ्या भाभीच्या, सोनूबाईच्या पोटात पाणी झालं आहे. दिवाळीपासून पोट वाढत गेलं, पावलं सुजली, आणि आता आडवं झालं की तिला धाप लागते. भिंतीशी गोधड्यांची चळत लावून तिच्यावर टेकून बसून असते. गालाची हाडं वर आली आहेत आणि पोट मात्र मोटेसारखं. डाक्टरांच्या मते दुखणं यकृताचं, पाणी काढल्याशिवाय श्वास मोकळा व्हायचा नाही. वद्य अष्टमीचा दिवस ठरला आहे, आमच्याच ओसरीत. ती दाभणासारखी नळी तिच्या पोटात जाणार. आणि घालणार कोण, तर आपल्या मालकांच्या, काकासाहेबांच्या धर्मार्थ दवाखान्यातले नवे डाक्टर. तू ज्या दवाखान्यात वीस वर्षं कंपौंडर होतास, त्याच ओट्यावर आता हे उभे असतात.

या प्राण्याचं वर्णन ऐक. हैदराबादेहून आला आहे. पांढरा कोट, केसांना वासाचं तेल, आणि डाव्या मनगटावर चामडी पट्ट्याचं घड्याळ. गाव त्याला घड्याळवाले डाक्टर म्हणतं. नाडी धरली की रोग्याच्या तोंडाकडं बघत नाही, घड्याळाकडं बघतो. रोगी मेला तरी काटे थांबल्याखेरीज याला कळायचं नाही. परवा साळूबाईनं हात पुढं केला आणि म्हणाली, "बघा बरं डाक्टरसायेब, माझ्यात किती वाजले?" सगळा ओटा हसला, पण त्याला विनोद समजला नाही. आणि आपलं गाव तरी काय! सूर्य डोक्यावर आला की भाकर खायची, एवढंच ज्या गावाला काळाचं ज्ञान, तिथं आता लोक सांगतात, "दवाखान्यात अकरा वाजून सात मिन्टांनी गेल्तो." त्यांतल्या एकालाही घड्याळ वाचता येत नाही. मी चाळीस वर्षं यांच्या तीन पिढ्यांना अक्षरं शिकवली, त्याचं हे पीक.

पण नुसतं हसून भागत नाही. कार्तिकात या माणसानं द्वारकाबाईच्या, म्हणजे या मच्छिंद्रच्याच आईच्या पोटातलं पाणी काढलं. मी तिच्या उशाशी होतो. लघवीला जाऊन आलात का, हे विचारलं नाही. बोटानं पोट ठोकून पाहिलं ते शेजाऱ्याचं दार वाजवावं तसं, दोनदा टकटक केलं आणि घुसला. पोटाला पट्टा बांधला नाही. नळीतून धार सुटली ती बादलीत सरळ धो धो, आणि साहेब घड्याळाकडं बघत उभे. बादली अर्ध्यावर आली तोच म्हातारीचे ओठ पांढरे पडले आणि डोळे वर गेले. मच्छिंद्र ओरडायला लागला. मी तिच्या पाठीमागच्या गोधड्या ओढून काढल्या, डोकं खाली केलं, पाय वर धरले, नळीच्या तोंडावर बोट ठेवायला सांगितलं. ती शुद्धीवर आली. गावात बोभाटा झाला की मास्तरला वैद्यकी येते. मला कसली वैद्यकी येते, फकरोद्दीन? मी फक्त तुझ्या दारात उभा राहून कविता म्हणायचो, आणि कविता म्हणताना डोळे कधीमधी उघडे राहायचे.

तुझी पद्धत मला अजून दिसते. ते तुझे म्हातारे डाक्टर, डोळ्यांत मोतीबिंदू झालेले. नळी तेवढी ते घालायचे, बाकी सगळं तुझं. काकासाहेबांच्या पोटाला पाणी झालं तेव्हा त्यांनाही तू सगळ्यांसमक्ष म्हणालास, "मालक, आधी लघवीला जाऊन या." मालक तापले. तू हात जोडून उभा राहिलास, पण जागचा हलला नाहीस. "पिशवी भरलेली ऱ्हायली तर सुई तिच्यात जाईल, मालक. मंग मला बोलू नका." मग ते उठले, आणि गावचा मालक कंपौंडरच्या हुकमानं परसात जाताना अख्ख्या गावानं पाहिलं. परत आल्यावर त्यांना टेकून बसवायचं, बोट ठेवून ठोकत ठोकत जायचं, पोकळ वाजतं कुठं आणि ठस वाजतं कुठं ते बघायचं, ठस वाजलं त्या जागी बेंबीखाली आयोडीनचा पिवळा ठिपका. मग तुझा तो पट्टा. जुन्या लुगड्याचा रुंद तुकडा, दोन्ही टोकांना चार चार शेपट्या फाडलेल्या, मध्ये नळीपुरतं भोक. पाणी थेंबाथेंबानं उतरे तसतशा तू शेपट्या आवळत जायचास, एक हात गाठीवर आणि दुसरा नाडीवर. मी विचारलं होतं, एवढं कशाला? तू म्हणालास, "पेट को मालूम नहीं होना चाहिए के पानी गया." मी वहीत किती उपमा लिहिल्या, फकरोद्दीन, मोगरा काय आणि चंद्र काय, या एका वाक्याच्या जवळपास त्यांतली एकही जात नाही.

आणि सुया उकळणं. दवाखान्याच्या भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला म्हणून जालन्याला गेलं ते तिकडंच रमलं. म्हाताऱ्या डाक्टरांचं खिशातलं घड्याळ त्यांच्यासारखंच, आठवलं तर चालायचं. वेळ मोजायची कशी? तेव्हा तू माझी कविता उचललीस. मुंगीची. मी ती दुसरीच्या वर्गासाठी केली होती. मुंगी पाठीवर कणी घेऊन गंगेला निघते, वाटेत तिला काय काय भेटतं, आणि दर दोन कडव्यांमागे ती विसाव्याला बसते. चोवीस कडवी. पोरं तिसऱ्या विसाव्याला पेंगायची. तू म्हणालास, "शायर, तुझी ही मुंगी लई सुस्त हाय. सुईला हीच बराबर." डाक्टरांचं घड्याळ एकदा चालू सापडलं, तेव्हा त्यावर तू तिला ताडून पाहिलंस: चुलीवर भांडं ठेवल्यापासून संथ चालीत चार फेऱ्या म्हटल्या की पाणी तापण्याचा वेळ धरून अर्धा तास. ठरलं. चार वेळा मुंगी, मग चिमटा. मी सगळ्यांना सांगत फिरायचो की माझ्या कवितेनं रोगी बरे होतात. सोनूबाईसुद्धा चुलीशी ज्वारीच्या कण्या शिजवताना तीच म्हणायची.

आता घड्याळवाल्याकडं परत येतो. मागच्या आठवड्यात तो सोनूबाईला लघवी मोकळी व्हायची सुई द्यायला घरी आला. आमच्याच चुलीवर भांडं ठेवलं आणि सुई उकळायला टाकली. मी मनाशी म्हटलं, आज याला पकडतो. याची जल्दी, याचा कोट, सगळं आज चव्हाट्यावर मांडतो. मी खांबाला टेकलो आणि ओठांतल्या ओठांत मुंगी सुरू केली. एक फेरी. दोन. तीन. चार झाल्या. तो हलला नाही. मला वाटलं विसरला, झोपला उभ्या उभ्या. मी मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, "डाक्टरसाहेब, घड्याळ बंद पडलं का? सुई काढा की आता." त्यानं मनगट वर केलं आणि म्हणाला, "मास्तर, आत्ता आठ मिनिटं झालीत. पाणी नुकतं उकळायला लागलंय. इथून पुढं वीस."

आठ.

त्यानं अंक सांगितला आणि पुन्हा भांड्याकडं बघायला लागला. वीस मिनिटं उभा होता तो, वाफेत, घाम पुसत. एकदाही चिमट्याला हात लावला नाही. आणि मी खांबाला धरून उभा. मी जी मुंगी म्हणत होतो ती आठ कडव्यांची होती.

आता तुला सगळं आठवलं असेल. कदाचित तू कधी विसरलाच नसशील. तरी मी लिहितो, कारण आजवर एकदाही लिहिलं नाही, आणि मी तर लिहिण्याचा धंदा केलेला माणूस. बारा वर्षांपूर्वी आपल्या तपासनीस साहेबांनी शाळेत माझी मुंगी ऐकली आणि जांभई दिली. फक्त जांभई. शब्द बोलले नाहीत. त्या एका जांभईनं मला आठ दिवस झोप आली नाही. मग मी मुंगी छाटायला बसलो. विसाव्याची कडवी आधी कापली, कंटाळवाणी म्हणून. धोंडा गेला, एरंडाचं पान गेलं, बैलाच्या खुराचा खळगा गेला. उरली आठ, आणि चाल केली दुडकी. जुनी वही चुलीत घातली. तुझ्याकडं येऊन मोठ्या दिमाखात म्हणालो, "जुनी म्हणू नकोस, मला लाज वाटते. ही म्हण." तू दोन दिवस म्हटलीस आणि मला हाक मारलीस. "अरे शायर, पाणी आत्ता कुठं हलून राह्यलंय अन् तुझी मुंगी गंगेवरून परत बी आली. फेऱ्या वाढवू का?" फेऱ्या वाढवू का! एवढंच विचारलंस. आणि मी, यमकाला यमक बांधणारा हा गावठी कवी, तुला म्हणालो, "कवितेची लांबी कवीला कळते, कंपौंडरला नाही. चार म्हटल्या की चार."

तू चार म्हटल्यास. तेव्हा म्हातारे डाक्टर नुकतेच गेले होते, हिवतापाची साथ होती, कोयनेलच्या सुया घ्यायला रांग पार वेशीपर्यंत. तू एकटा. आणि तुझा आपल्या मित्रावर भरवसा. पंधरा दिवसांत सात जणांच्या कुल्ल्यांवर गळवं धरली. सहा जणांची फुटून वाहून गेली. कडूबा कुंभाराचं हाडापर्यंत पोचलं. तो जगला, पण मांडी आखडली ती आखडलीच. कुंभाराला उकिडवं बसता आलं नाही तर तो चाक कसं फिरवणार? त्याचं चाक भिंतीला टेकवलेलं आहे, बारा वर्षं. त्याची बायको गोजरबाई हातानं चुली थापते, त्यावर घर चालतं. कडूबा काठी टेकत शाळेवरून जायचा आणि म्हणायचा, "राम राम मास्तर." मी पोरांना मोठ्यानं पाढे म्हणायला लावायचो.

काकासाहेबांच्या ओसरीवरची ती चौकशी. "पाणी किती वेळ उकळतोस?" त्यांनी विचारलं. तू म्हणालास, "जी, चार वेळा मुंगी." ओसरी हसून फुटली. काकासाहेब म्हणाले, "इथं माणसं पू होऊन राह्यली अन् हा मुंग्या मोजून राह्यलाय!" जबानी लिहायला मला बसवलं होतं, माझं अक्षर चांगलं म्हणून. कोणती मुंगी, हे तिथं फक्त दोघांना ठाऊक होतं. तू बोलला नाहीस. मी लिहिलं: 'कंपौंडर वेळ न मोजता गाणी म्हणतो, सबब हलगर्जी.' सबब शब्द किती छान बसला, असंसुद्धा त्या क्षणी माझ्या मनात येऊन गेलं. असला मी माणूस. मग तुला ते वाचून दाखवलं, स्वच्छ आवाजात, स्वल्पविरामांवर थांबत. सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं. तू उर्दूत सही केलीस, एकदा माझ्याकडं, एकदा माझ्या अक्षराकडं पाहिलंस आणि म्हणालास, "खत अच्छा है तेरा." दुसऱ्या दिवशी कमरुन्निसाभाभीला गाडीत बसवून तू गाव सोडलंस. मी बांधापर्यंतही आलो नाही.

बारा वर्षं मी स्वतःला एक शेंदूर फासलेलं खोटं सांगत आलो. हवाच वाईट होती, कोयनेल जुनं होतं, फकरोद्दीनला अक्कल होती ना, त्यानं उकळी बघायला नको का? नवी मुंगी किती वेळ चालते हे मी कधीच मोजलं नाही. गावात घड्याळ नाही, हे माझं केवढं सुख होतं! म्हणून मला त्या डाक्टरचं मनगट पहिल्या दिवसापासून खुपत होतं. पोटातलं पाणी काढताना तो चुकला, ते खरंच. पण त्याला मी परवा पट्ट्याचं विचारलं तर तो अगदी पोरासारखा म्हणाला, "मास्तर, आमच्या वॉर्डात ते सगळं दुसरे बांधायचे. मी एकट्यानं कधी काढलंच नव्हतं. द्वारकाबाईंच्या वेळी घाबरलो होतो, म्हणून घड्याळाकडं बघत होतो. येत असतील ते तुमचे कंपौंडर, तर बोलवा. मी शिकेन." म्हणजे ज्याची मी वर अर्धा कागद टवाळी केली, त्याला आपलं अज्ञान कबूल करायला चार वाक्यं लागली. मला एक तप लागलं. वरचं खोडणार नाही. राहू दे, माझं पाणी किती खोल आहे ते तुला कळेल.

त्या दिवशी डाक्टर गेल्यावर मी सोनूबाईच्या पायथ्याशी बसलो. ती टेकून, डोळे मिटून होती. म्हणाली, "नवी मुंगी म्हनत व्हता ना?" मी तिची पावलं पांघरली. "संपली न्हाई का पानी उकळायच्या आत?" मी विचारलं, तुला काय ठाऊक? मग एका दमात दोन-तीन शब्द, पुन्हा धाप, पुन्हा दोन शब्द, असं करत ती बोलली. "तुमी नवी केली त्या हप्त्यात माझ्या कण्या कच्च्या ऱ्हायल्या. दुसऱ्या दिशी बी कच्च्या. तिसऱ्या दिशी म्या जुनी म्हनली, कण्या शिजल्या. मला काय घड्याळ लागतं व्हय?" मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? "बोलणारच व्हते. फकरूभाऊची चौकशी झाली त्या दिशी तुमी काकासायबांच्या ओसरीवरून आल्ते, हात धुतले, जेवायला बसले. म्हनले, आज कण्या बराबर शिजल्यात. म्या म्हनलं, आता ह्या मानसाला सोताहून कळू दे. तवापासून वाढून राह्यले." एवढं म्हणून तिनं तोंड भिंतीकडं केलं. बारा वर्षं रोज दोन वेळा तिनं मला ताटात साक्ष वाढली आणि मी मीठ कमी आहे की जास्त एवढंच बघितलं.

काल मी कडूबाकडं गेलो आणि त्याला सगळं सांगितलं. तो चिखल तुडवणाऱ्या गोजरबाईकडं बघत राहिला. मग म्हणाला, "म्हंजी फकरूनं न्हाई केलं." मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "मंग त्याला म्या इतकी वर्सं शिव्या दिल्या, त्या आता कुठं ठिवू?" मी म्हटलं, माझ्याकडं दे. त्यानं दिल्या नाहीत. तेही एक मला सोसत नाही. तिथून काकासाहेबांच्या ओसरीवर गेलो, जुन्या जबानीखाली नवी लिहून दिली, माझ्याच हातानं, आणि तशीच मोठ्यानं वाचली. या वेळी स्वल्पविरामांवर थांबता आलं नाही. तिची नक्कल सोबत आहे. ती कुणाला दाखवायची, फाडायची की तिच्यात बांगड्या बांधायच्या, ते तुझं.

हो, बांगड्यांचंही कळलं. मच्छिंद्रची बायको राजूरला गणपतीच्या चतुर्थीला येते ती तुझ्याच दुकानात बांगड्या भरते. सांगत होती, फकरोद्दीनभाई आधी हात कोमट पाण्यात धरायला लावतात, अंगठ्याचं हाड दाबून बघतात, मग अशी चढवतात की बाईला कळत नाही. मी ऐकत होतो आणि मला तुझा तो हात दिसत होता, गाठीवर एक, नाडीवर एक.

हे पत्र का लिहिलं, ते आता सांगतो. मी आपणहून लिहिलेलं नाही, फकरोद्दीन. तेवढा मोठा मी अजूनही झालो नाही. हे सोनूबाईनं लिहवून घेतलं आहे. तिनं डाक्टरला सांगून टाकलं, "आधी हे फकरूभाऊला लिहितील. फकरूभाऊनं येऊन सुई उकळली अन् पट्टा बांधला तर नळी घालून घेईन. न्हाई आले तर पानी माझं हाय, माझ्याजवळच राहू द्या." डाक्टर म्हणतात, अष्टमीच्या पुढं थांबणं बरं नाही. ती म्हणते, मी थांबते. तिची धाप रोज वाढते आहे आणि तिचा शब्द तू ओळखतोस. मच्छिंद्र चतुर्थीला राजूरला पोचेल आणि दुसऱ्या दिवशी निघेल. त्याच्याबरोबर निघालास तर अष्टमीच्या आदल्या दिवशी इथं असशील. माझ्यासाठी येऊ नकोस, मला तोंड नाही. तुझ्या भाभीसाठी ये. तिनं लुगडं निवडून ठेवलं आहे, शेपट्या तू फाड. मुंगीची जुनी वही मी जाळली होती. आठवून बसलो तर सतराच कडवी आली. उरलेली सात सोनूबाईनं सांगितली, दर ओळीला थांबून श्वास घेत, आणि सगळी विसाव्याचीच निघाली. पहिलं होतं ते धोंड्याचं:

मुंगी निघाली गंगेला, पाठीवरती कणी एक;
वाटेत भेटला धोंडा, म्हणे, "बैस जरा, लेक."

चोवीसच्या चोवीस उतरवून ठेवली आहेत, एकही न गाळता. अष्टमीला चूल मी पेटवीन, पाणी मी ठेवीन. मुंगी तू म्हण, संथ, चारही वेळा पूर्ण. फेऱ्या वाढवाव्याशा वाटल्या तर वाढव. मी मध्ये बोलणार नाही.

तुझाच, कधी काळी होतो तेवढ्यापुरता,
धर्मराज